इंजिन जर्मनांचं, मग मोटार फ्रेंचांची कशी?

प्रश्न इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याचा आहे. बेंझने १८८६ साली पेटंट घेतलं ते जर्मनीत, डाइमलरचं इंजिनही जर्मनीतलंच; मग जुन्या गाड्यांवर काम करणारे तुम्ही लोक गोष्ट फ्रान्सपासून का सुरू करता? आणि त्या काळच्या शर्यतींनी गाडी खरोखर सुधारली, की ती नुसती श्रीमंतांची हौस आणि कारखानदारांची जाहिरात होती?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच येईल. हौस होती आणि जाहिरातही होती, यात वाद नाही. पण गेली तीसेक वर्षं जुन्या गाड्यांची कामं करतोय, आणि पहिल्या महायुद्धाआधीची गाडी उघडली की एखादा भाग असा का केलाय याचं उत्तर बरेचदा कुठल्यातरी शर्यतीच्या नियमांत सापडतं. इंजिन जर्मनांनी दिलं हे खरं. त्या इंजिनाभोवती गाडी कशी मांडायची आणि ती चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचं, हे मात्र पॅरिसमध्ये ठरलं.

आधी माणसं पाहू. पानार आणि लव्हासोर यांचा मूळ धंदा लाकूडकामाच्या यंत्रांचा, पट्टीकरवती वगैरे. प्युजो कुटुंब करवतीची पाती, कॉफी दळायच्या चक्क्या आणि पुढे सायकली बनवणारं. म्हणजे दोघांकडेही पोलाद कापायचं, दात पाडायचे, नळ्या वाकवायच्या ही कामं हातात बसलेले कारागीर आधीपासून होते. डाइमलरच्या इंजिनाचे फ्रान्समधले हक्क एदुआर साराझँ नावाच्या पॅरिसच्या वकिलाकडे होते. १८८७ च्या डिसेंबरात तो वारला. त्याची बायको लुईज स्वतः जर्मनीत कान्स्टाटला जाऊन डाइमलरला भेटली आणि तिने तो व्यवहार तुटू दिला नाही. १८९० मध्ये तिने एमिल लव्हासोरशी लग्न केलं आणि इंजिन पानार-लव्हासोरच्या कारखान्यात आलं. मोटारीच्या इतिहासात या बाईचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं. माझ्या मते ते पहिल्या पानावर हवं.

लव्हासोरने १८९१ मध्ये जे केलं ते आज आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दातचाकांचा गिअरबॉक्स, आणि तिथून ताकद मागच्या चाकांना. बेंझचं इंजिन सीटखाली मागच्या बाजूला होतं. प्युजोने तेच डाइमलरचं इंजिन पानारकडून विकत घेतलं, पण बसवलं मागेच, आणि सायकलवाल्याच्या सवयीने चौकट नळ्यांची केली. थंड करायचं पाणीसुद्धा त्याच नळ्यांतून फिरायचं. लव्हासोरची चौकट लाकडाची, लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली, कारण त्याला लाकूड कळायचं. गिअरबॉक्सबद्दल तो म्हणाला होता असं सांगतात, की हे रानटी आहे खरं, पण चालतं. सिंक्रो, म्हणजे दातचाकांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नसलेला गिअर ज्याने डबल क्लच देऊन, म्हणजे क्लच दोनदा दाबून, टाकलाय, आणि एकदा तरी तो कर्रर्र आवाज काढून शेजारच्याची मान वळवलीय, त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

आता शर्यती. पहिलीला शर्यत म्हणणं चूकच. ती परीक्षा होती. ‘ल पेती जुर्नाल’ या वर्तमानपत्राच्या प्येर जिफार या संपादकाने ती भरवली, २२ जुलै १८९४ ला, पॅरिस ते रुआँ, सुमारे १२६ किलोमीटर. याच जिफारने १८९१ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सायकल शर्यत भरवली होती आणि तिच्या मागोमाग प्युजोची एक चारचाकी पूर्ण रस्ता चालून आली होती. पेपर खपवायचा तर रस्त्यावर काहीतरी धावायला हवं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. रुआँच्या परीक्षेचा निकष वेग नव्हता. गाडी धोकादायक नसावी, सहज हाकता यावी आणि रस्त्यावर फार खर्चिक पडू नये, असा होता. नावं आली १०२. त्यात वाफ, पेट्रोल, वीज होतीच. शिवाय दाबलेली हवा, गुरुत्वाकर्षण, बसणाऱ्यांचं वजन यांवर गाडी चालवू म्हणणारेही होते. प्रत्यक्ष निघाल्या २१ आणि पोहोचल्या १७.

सगळ्यांत आधी पोहोचला काउंट द दियाँ, ६ तास ४८ मिनिटांत, स्वतःच्या वाफेच्या ट्रॅक्टरवर, मागे बग्गी जोडून. पहिलं बक्षीस मात्र त्याला मिळालं नाही. त्याच्या यंत्राला हाकणाऱ्याखेरीज भट्टीत कोळसा सारणारा दुसरा माणूस लागत होता, आणि परीक्षकांच्या मते ‘सहज हाकता यावी’ या अटीत ते बसत नव्हतं. पहिलं बक्षीस पानार-लव्हासोर आणि प्युजो यांच्यात वाटून दिलं. कोळसा सारणाऱ्याला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘शोफर’, म्हणजे तापवणारा. ज्या माणसामुळे वाफेच्या गाडीचं बक्षीस गेलं, त्याचंच नाव पुढे पेट्रोल गाडीच्या ड्रायव्हरला चिकटलं आणि आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडीही बसलं. गॅरेज, चासी (गाडीची चौकट), कार्बुरेटर हे शब्दही तिकडचेच. वर्कशॉपमध्ये दिवसभर आपण नकळत फ्रेंच बोलत असतो.

नियमाने गाडी कशी घडते हे इथे पहिल्यांदा दिसलं. माणूस एकच असावा, एवढ्या एका अटीने वाफेचं पारडं हलकं झालं. द दियाँ हटवादी नव्हता. १८९५ मध्ये त्याने आणि त्याच्या कारखान्यातल्या जॉर्ज बूताँने हलकं, एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढलं. तिसरा भागीदार त्रेपार्दू वाफेचा कट्टर होता, तो या बदलापायी आधीच भागीदारी सोडून गेला होता.

या इंजिनाचं महत्त्व समजायचं तर त्याआधी पेट्रोल पेटवायचे कसे ते पाहायला हवं. डाइमलरच्या इंजिनात सिलिंडरमधून प्लॅटिनमची एक छोटी नळी बाहेर आलेली असायची, आणि तिच्याखाली पेट्रोलचा बर्नर सतत जळता. नळी लाल झाली की आतलं मिश्रण पेटायचं. ठिणगी पुढे-मागे करायची सोय नाही, जोराचा वारा आला की बर्नर विझणार, आणि गाडी उलटली तर काय होईल ते सांगायला नको. इंजिन मिनिटाला सातशे-साडेसातशे फेऱ्यांच्या वर सहसा जायचं नाही. द दियाँ-बूताँने बॅटरी आणि कॉइलवर ठिणगी पाडली, तीही वेळ साधून, आणि फेऱ्या दीड हजारांवर नेल्या. तेवढ्याच लोखंडातून दुप्पट काम. आजूबाजूच्या छोट्या कारखानदारांनी ही इंजिनं विकत घेऊन आपापल्या गाड्या काढल्या. १९०० मध्ये या कंपनीने ४०० गाड्या आणि ३,२०० इंजिनं बनवली. त्या वर्षी जगात तिच्याएवढा मोठा मोटार कारखाना दुसरा नव्हता.

या जातीचं एक इंजिन काही वर्षांपूर्वी माझ्या बाकावर होतं. हँडल मारलं की नुसतं फुसफुसायचं. कार्बुरेटर झाला, कॉइल झाली, दोन दिवस गेले. या इंजिनात मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला कॅम, म्हणजे त्याला ढकलून उघडणारा फिरता उंचवटा, नसतो. पिस्टन खाली जाताना जे ओढलं जातं त्या ओढीनेच तो उघडतो आणि हलक्या स्प्रिंगने मिटतो. आधीच्या कुणी मिस्त्रीने स्प्रिंग तुटली म्हणून दिसायला तशीच, पण जरा ताठ स्प्रिंग बसवली होती. ओढ पुरत नव्हती, व्हॉल्व्ह उघडतच नव्हता. बोटाने दाबून पाहिलं तेव्हा कळलं. पातळ तारेची स्प्रिंग वळून बसवली आणि तिसऱ्या हँडलला गाडी बोलली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या माणसांनी किती बारीक तोलावर काम केलं होतं, हे पुस्तकापेक्षा त्या स्प्रिंगने मला जास्त शिकवलं.

खरी पहिली शर्यत १८९५ ची. जूनच्या ११ तारखेला निघून पॅरिस–बोर्दो–पॅरिस, ११७८ किलोमीटर. लव्हासोर स्वतः चालवत होता: दोन सीटची पानार, भरीव रबराचे टायर, हातात चाक नव्हे तर दांडा. वाटेत रुफेक या गावी त्याच्या जागी दुसरा चालक बसायचा होता. हा पोहोचला पहाटे साडेतीनच्या सुमारास, ठरल्यापेक्षा कितीतरी आधी, आणि तो चालक हॉटेलात गाढ झोपलेला. लव्हासोरने त्याला उठवण्यात वेळ घालवला नाही. तसाच बोर्दोला गेला, वळला आणि परत आला. एकूण ४८ तास ४८ मिनिटं, सरासरी ताशी २४ किलोमीटर, सगळ्यांत लांबचा थांबा २२ मिनिटांचा. तेव्हाच्या दिव्यांच्या उजेडात, खडीच्या रस्त्यावर, दांडा धरून दोन रात्री काढणं म्हणजे काय, याची कल्पना मला दांड्याची गाडी वर्कशॉपच्या आवारात दोन फेऱ्या फिरवल्यावर आली. खांद्याला बाम लावावा लागला.

पहिलं बक्षीस मात्र त्यालाही नाही. नियम होता की पहिल्या बक्षिसाची गाडी दोनपेक्षा जास्त माणसांची हवी. ते ३१,५०० फ्रँक गेले केश्लँच्या चार सीटच्या प्युजोला, जी अकरा तास मागून आली. लोकांनी मात्र लव्हासोरलाच विजेता मानलं आणि पुढे पॅरिसच्या पोर्त मायोत त्याचं स्मारक उभं राहिलं. इथे नियमाचा पराभव झाला असं मी म्हणेन. घरातल्या चौघांना नेणारी उपयोगी गाडी घडावी हा आयोजकांचा हेतू होता. सगळ्यांच्या डोळ्यांत भरली ती दोन सीटची हलकी गाडी. तिथून शर्यतीची गाडी आणि घरची गाडी या दोन वाटा फुटायला लागल्या.

त्याच शर्यतीत मिशेलिन बंधू हवेचे टायर लावलेली गाडी घेऊन उतरले होते. गाडी प्युजोची, नाव ‘एक्लेर’, म्हणजे वीज. वाटभर पंक्चर. ठरलेल्या १०० तासांत ते आले नाहीत आणि लोक हसले. पण ती गाडी आली, हवेवर आली, आणि काही वर्षांतच भरीव रबर मागे पडलं. त्यांचा सायकलचा अनुभव इथे कामी आला: चिकटवलेला टायर काढून दुरुस्त करायला रात्र जाते, सुटा टायर असेल तर मिनिटांत काम होतं, हे त्यांना १८९१ पासून ठाऊक होतं.

मधली वर्षं भरभर सांगतो. १८९५ च्या नोव्हेंबरात ऑटोमोबाईल क्लब द फ्रान्स स्थापन झाला आणि शर्यतींचे नियम तिथून निघू लागले. १८९६ च्या पॅरिस–मार्सेय–पॅरिसमध्ये एका कुत्र्यामुळे लव्हासोरची गाडी उलटली. त्यातून तो नीट सावरला नाही आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेला. गोल चाकाचं स्टिअरिंग १८९४ लाच व्हाशेरोँ नावाच्या स्पर्धकाने आपल्या पानारवर लावून दाखवलं होतं, पण पानारने ते सगळ्या गाड्यांना द्यायला १८९८ उजाडलं. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री एकवीस वर्षांचा लुई रेनो आपली छोटी गाडी घेऊन माँमार्त्रचा रू लपिकचा चढ चढला. इंजिन द दियाँचं, पण वरच्या गिअरमध्ये ताकद दातचाकांच्या जोड्यांतून न फिरता सरळ शाफ्टने मागे जायची. साखळ्या नाहीत, वरच्या गिअरला खरखर नाही. रात्रीतून डझनभर मागण्या आल्या. १९०३ मध्ये फ्रान्समध्ये तीस हजारांच्या आसपास मोटारी बनल्या, जगातल्या जवळपास निम्म्या. बेंझलासुद्धा सुरुवातीची गिऱ्हाइकं मिळाली ती पॅरिसच्या त्याच्या विक्रेत्यामार्फत. विकत घेणारा पैसेवाला वर्ग, सरळ आणि निगराणीतले राष्ट्रीय रस्ते, बग्ग्या बांधणारे कारागीर आणि एकमेकांवर कुरघोडी करणारी वर्तमानपत्रं, हे सगळं एकाच गावात होतं. अवघड वाटावं असं त्यात काहीच नाही.

पण नियमाची काळी बाजू सांगायला हवी, कारण तीच मला सर्वांत जास्त सतावते. १९०२ पासून मोठ्या गाड्यांना वजनाची मर्यादा आली, १००० किलो. हेतू चांगला होता: अवजड राक्षस रस्त्यावर येऊ नयेत. इंजिनाच्या आकारावर मात्र बंधन घातलं नाही. आता तुम्हीच कारखानदार आहात असं समजा. इंजिन जितकं मोठं तितकी ताकद, आणि एकूण वजन बांधलेलं. मग वजन कुठून काढणार? चासीतून, धुऱ्यांतून, सीटमधून, ब्रेकमधून. जिथे धातू दिसेल तिथे भोकं पाडली. १८९५ ला लव्हासोरच्या हाती चार अश्वशक्तीची गाडी होती. १९०३ ला मॉर्स या फ्रेंच कारखान्याची गाडी ७० अश्वशक्तीची, अकरा लिटरच्या वरच्या इंजिनाची झाली होती. ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि शाफ्टला. टायर बोटभर चिरले तरी फुटणारे.

२४ मे १९०३, पॅरिस–माद्रिद. व्हर्सायहून पहाटे अंधारातच, एकामागून एक, दोनशेवर गाड्या सुटल्या. रस्त्याला डांबर नाही. पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत मागच्याला फक्त झाडांचे शेंडे दिसायचे आणि त्यावरून रस्ता कुठे वळतो ते ताडायचं. दुतर्फा हजारो लोक, गाडी जवळ येईपर्यंत रस्त्यातच उभे, कारण ताशी शंभरचा वेग म्हणजे काय हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. गाब्रिएल नावाचा चालक १६८ व्या क्रमांकाने सुटला आणि त्या धुळीतून एकेक गाडी मागे टाकत बोर्दोला पोहोचला; साडेपाचशे किलोमीटर, सरासरी ताशी १०५. साखळीची, लाकडी चाकांची गाडी. ही कामगिरी मला आजही अचाट वाटते. त्याच दिवशी लुई रेनोचा भाऊ मार्सेल कुए-व्हेराकजवळ उलटला आणि दोन दिवसांनी गेला. आणखी स्पर्धक, मेकॅनिक, बघे मेले. कामिय द्यु गास्त ही महिला स्पर्धक चांगली पुढे असताना उलटलेल्या गाडीखालच्या एका इंग्रज चालकासाठी थांबली आणि त्याला मदत मिळेपर्यंत हलली नाही. सरकारने बोर्दोलाच शर्यत थांबवली. इंजिन सुरू करायलाही बंदी. गाड्या घोडे जुंपून स्टेशनवर नेल्या आणि रेल्वेने परत पाठवल्या.

दोष चालकांना दिला गेला, वेगाला दिला गेला. मी तो नियमपत्रकाला देतो. वजन बांधून इंजिन मोकळं सोडलं की अशीच गाडी बनणार. खुल्या रस्त्यावर, शहरातून शहरात जाणाऱ्या शर्यती फ्रान्समध्ये तिथे संपल्या.

त्यानंतर इतर वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यांचे वेढे, म्हणजे फिरून सुरुवातीलाच येणारे मार्ग, आले. फ्रेंचांचं एक वेगळं दुखणंही होतं: गॉर्डन बेनेट करंडक या देशादेशांमधल्या शर्यतीत प्रत्येक देशाला तीनच गाड्या. ज्यांच्याकडे एखाददुसरा कारखाना त्यांनाही तीन आणि यांच्या ढीगभर कारखान्यांनाही तीन. म्हणून १९०६ मध्ये ऑटोमोबाईल क्लबने स्वतःची शर्यत काढली, ग्रां प्री. २६ आणि २७ जून, ल माँजवळ, १०३ किलोमीटरचा वेढा, दोन दिवसांत बारा फेऱ्या. ३२ गाड्या सुटल्या, ११ पुऱ्या झाल्या. उन्हाने रस्त्यावर ओतलेलं डांबर वितळून चालकांच्या डोळ्यांत गेलं.

नियम असा होता की गाडीला हात फक्त चालकाने आणि सोबतच्या मेकॅनिकने लावायचा. टायर फुटला तर दोघांनी जुना कापून काढायचा, नवा रिमवर चढवायचा, हवा भरायची. पंधराएक मिनिटं सहज. मिशेलिनने या एका नियमाकडे बघून सुटी रिम आणली: टायर आधीच चढवून, हवा भरून तयार, नट सोडा, जुनी रिम काढा, नवी लावा. चारेक मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. पण प्रत्येक चाकामागे नऊ किलो वजन वाढायचं आणि १००० किलोची मर्यादा अजून होतीच. पानारसारख्यांना ती लावणं परवडलं नाही. रेनो, फियाट आणि क्लेमाँ-बायार यांनी लावली, आणि पहिले तीन क्रमांक याच तिघांना गेले. रेनोचा फेरेन्स सिस, मूळचा हंगेरीचा, बारा तास चौदा मिनिटांत आला. फियाटचा नाझारो त्याच्या अर्ध्या तासाहून जास्त मागे. आज पंक्चर झालं की डिकीतलं चाक काढून चार नट आवळून आपण पुढे जातो. हवा भरलेलं चाक तयार ठेवायची ही सवय त्या दिवसांतली आहे.

ती पंधरा मिनिटं कशी असतील हे कळायला जुन्या पद्धतीचा बीडेड टायर एकदा चढवून बघावा. रिमची कड आत वळलेली, टायरची कड तिच्यात अडकणारी. तीन टॉमी (टायर उचकटायच्या सळ्या) लागतात, एक माणूस गुडघ्याने दाबून धरायला, आणि शेवटच्या वीतभर भागात ट्यूब चिमटीत सापडतेच. सापडली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बघायचा असेल तर वर्कशॉपला या, पण एप्रिल-मे मध्ये या. टायर तासभर उन्हात ठेवला की रबर जरा नरमतं. थंडीत मी तो चढवायला घेत नाही. मागच्या वेळी घेतला होता, त्या अंगठ्याचं नख अजून सरळ उगवलेलं नाही.